मैदानावरचे उपरी

सुगी आटोपली, शेते मोकळी झाली की आपल्या जोयडा तालुक्यात गावोगाव दोन खांब रोवले जातात आणि त्यांच्यामध्ये जाळे ताणले जाते. व्हॉलीबॉलला फार काही लागत नाही. अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद असा सपाट केलेला जमिनीचा तुकडा, चुन्याच्या रेषा, एक चेंडू आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा माणसे. डोंगरझाडीच्या या मुलखात क्रिकेटला पुरेल एवढे सलग मैदान मिळणे कठीण, तेव्हा हा खेळ येथे रुजला यात नवल नाही. स्पर्धा ठरली की नियमांचा कागद निघतो. त्यावर प्रवेश फी असते, बक्षिसाची रक्कम असते, पंचांचा निर्णय अंतिम राहील हे वाक्य असते. आणि या सगळ्यांच्या मध्ये कोठेतरी एक ओळ असते : 'संघातील सर्व खेळाडू एकाच गावचे असावेत.' अलीकडे तिच्यापुढे 'आधार कार्ड सोबत आणावे' असेही जोडलेले दिसते. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हा वाद दोन मिनिटांत मिटतो. खेळाडू आतला की बाहेरचा, हा वाद पुढच्या जत्रेपर्यंत चालतो.

त्या एका ओळीचा थोडा सावकाश विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. एखाद्याला विषय क्षुल्लक वाटेल. परंतु माणसे 'आपला' कोणाला म्हणतात आणि कोणत्या पुराव्यावर म्हणतात, हे विधिमंडळाच्या चर्चेपेक्षा अशा कागदावर अधिक स्वच्छ दिसते, असे मला वाटते.

खेळाच्या जन्मवेळी हा प्रश्न नव्हताच. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात होल्योक नावाचे गाव आहे. तेथील वायएमसीए या संस्थेतील शारीरिक शिक्षणाचे संचालक विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ बसवला, तो बास्केटबॉलची दमछाक न सोसणाऱ्या मध्यमवयीन व्यापारी मंडळींसाठी. त्यांच्या मूळ नियमांत एका बाजूला किती खेळाडू असावेत याला मर्यादा नव्हती. जो आला तो उभा राहिला. पुढे १९१८ मध्ये सहा खेळाडूंचा नियम ठरला आणि त्याबरोबर सातव्या माणसाचा प्रश्न निर्माण झाला. जागा मोजक्या झाल्या की हक्क मोजावे लागतात. पात्रतेचे सगळे नियम या टंचाईतून आलेले आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्याविषयी उगाच राग येत नाही.

आणि राग येऊ नये असे दुसरेही कारण आहे. नियम नसेल तर काय होते, हे आपण पाहतो. बक्षिसाची रक्कम वाढली की एखाद्या सधन गावाचा पुढारी बेळगाव-धारवाडकडून विद्यापीठाच्या संघातले तीन उंच खेळाडू गाडीत घालून आणतो. त्यांना दोन दिवसांचे पैसे, जेवण आणि परतीचे भाडे मिळते. गावाच्या नावाने ते जिंकतात, ढाल ग्रामपंचायतीच्या कपाटात जाते आणि ज्या मुलाने दिवाळीपासून रोज संध्याकाळी चेंडू उचलून देण्याचा सराव केला तो राखीव खेळाडूंच्या बाकावर पाण्याची बाटली धरून बसतो. समोरच्या लहान वाडीचा संघ पंधरा-चार, पंधरा-सहा असा हरून घरी जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही. तेव्हा 'एकाच गावचे' ही ओळ दुबळ्यांचे रक्षण करण्यासाठी आहे. ती पुसून टाका असे म्हणणारा मी नव्हे. प्रश्न आहे तो 'गावचा' या एका शब्दाचा.

आपल्या तालुक्यात हा शब्द विशेष अवघड आहे. तालुक्याचे जुने नावच घ्या. तो सुपा तालुका होता. काळी नदीवर गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण बांधले गेले, ते १९८७ मध्ये पूर्ण झाले आणि सुपे पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे रामनगरला वसली. आता सुप्याच्या एखाद्या घराण्यातील नातू, जो रामनगरात जन्मला आणि मडगावला कारखान्यात काम करतो, तो कोणत्या गावचा? त्याच्या आधार कार्डावर गोव्याचा पत्ता आहे, मनात असलेले गाव जलाशयाच्या तळाशी आहे आणि खेळायला तो रामनगरात येतो. नियमाच्या कागदावर या तिन्हींना मिळून एकच रकाना आहे.

प्रांतांच्या रेषांचेही तसेच. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. १९५५ साली सुप्यातला एखादा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला असता तर नियमाप्रमाणे मुंबईकडून खेळला असता. दोन वर्षांनी त्याच घरातला धाकटा भाऊ म्हैसूरकडून. घर हललेले नाही, अंगणातली तुळस हललेली नाही. प्रांतरचनेचा जुना वाद मला येथे उकरायचा नाही. रेषा कोठेतरी ओढावी लागतेच. पण ती माणसाच्या स्वभावातून निघालेली नसते, कचेरीतून निघालेली असते, एवढे विसरू नये.

खेळापलीकडचे एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या दाराशी आहे. २००३ साली अमलात आलेल्या एकाच दुरुस्ती कायद्याने गोव्यातील गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले आणि त्याच कायद्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दीही आले. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. अणमोड घाटाच्या खाली राहणारा कुणबी यादीत आहे, घाट चढून जोयड्यात आला की तोच कुणबी, तीच बोली, तेच कुलदैवत, पण यादीबाहेर. मागणी वर्षानुवर्षांची आहे. आपल्या शेजारच्या कुणबी वाड्यांत ही गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. अशा तालुक्यात जेव्हा स्पर्धेचा कार्यवाह एखाद्या मुलाला 'तुझा पत्ता या बाजूचा नाही' असे सांगतो, तेव्हा त्या वाक्याला व्हॉलीबॉलपेक्षा जुना वास येतो.

आपल्या भाषेत या प्रश्नासाठी दोन जुने शब्द आहेत. मराठी अमदानीत देशावरच्या गावांमध्ये शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या सभेत त्याला बसण्याचा मान. उपरी बाहेरून येऊन वसलेला, ठरावीक मुदतीने जमीन कसणारा. तोही नांगरत होता, सारा भरत होता, दुष्काळात होरपळत होता. फक्त गावच्या निर्णयात त्याचा शब्द नव्हता. 'उपरा' हा शब्द आज आपण ज्या कडवटपणे वापरतो तो या व्यवस्थेतून आला आहे.

या बुलेटिनच्या वाचकांपैकी बहुतेकांची घराणी देशावरून, कोकणातून किंवा गोव्यातून घाट चढून येथे आलेली. पोर्तुगीज अमलातील धार्मिक जाचाला कंटाळून आपण आलो, असे कित्येक घरांत परंपरेने सांगितले जाते. कोणी वतनाच्या कामासाठी, कोणी व्यापारासाठी, कोणी जंगलखात्याच्या नोकरीत. म्हणजे आपण सगळे कोणे एके काळचे उपरीच. तीन-चार पिढ्या गेल्या, देवळाच्या पावत्यांवर आजोबांचे नाव आले आणि आपण मिरासदार झालो. हे कोणत्या दिवशी झाले? त्या दिवशी कोणी ठराव केला होता का? मला तर असे दिसते की गावाच्या सुखदुःखात कोणीतरी आपल्याला खांदा देऊ दिला, पालखीला आणि तिरडीला, आणि त्यातून आपण गावचे झालो. कागद मागून आला.

हौशी खेळाच्या नियमांचा इतिहास पाहिला तर तेथेही मिरासदारीच दिसते, फक्त ती 'खेळावरील निरपेक्ष प्रेम' अशा सुंदर नावाखाली. इंग्लंडमध्ये टेम्स नदीवर हेन्ली येथे होड्यांच्या शर्यती होतात. १८७९ मध्ये तेथील चालकांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली आणि तीत मजुरी घेऊन काम करणारे यांत्रिक, कारागीर आणि मजूर यांना वगळले. पैशासाठी होडी वल्हवणारा वगळला तर समजू शकते. येथे हाताने काम करून पोट भरणाराच वगळला होता. १९२० मध्ये अमेरिकेचे जॉन केली यांचा प्रवेश हेन्लीने नाकारला. ते विटा रचण्याचे काम करीत असत. त्यांच्या क्लबशी चालकांचा जुना वादही होता, पण ते हातकाम करणारे होते हे कारण लपले नाही. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन सुवर्णपदके मिळवली. ते कलम १९३७ मध्ये निघाले आणि १९४७ मध्ये त्यांच्या मुलाने हेन्लीची तीच शर्यत जिंकली. जिम थॉर्प यांची कथा अधिक प्रसिद्ध आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधील त्यांची पदके पुढच्या वर्षी काढून घेण्यात आली, कारण त्यापूर्वी ते किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळले होते. १९८२ मध्ये त्यांना सहविजेता मानले गेले आणि एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडले. थॉर्प १९५३ मध्येच वारले होते.

व्हॉलीबॉलचे उदाहरण हवे असेल तर १९६४ चे टोकियो घ्यावे. त्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला आणि जपानच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले. त्यांच्यातील बहुतेक जणी काईझुका येथील निचिबो या एकाच कापड गिरणीत काम करणाऱ्या. दिवसा काम, मग मध्यरात्रीपर्यंत सराव. त्या हौशी होत्या की नोकर? आपल्याकडे रेल्वे आणि सेनादल हे राष्ट्रीय स्पर्धेत एखाद्या राज्यासारखे स्वतंत्र संघ म्हणून उतरतात. जोयड्याचा मुलगा बेळगावच्या मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि पुढे चमकला तर तो सेनादलाकडून खेळेल. तेथे गाव कोणी विचारीत नाही, हजेरीपट विचारतात. केरळचे जिमी जॉर्ज इटलीत पैसे घेऊन खेळत होते, आणि तरीही १९८६ मध्ये सोल येथील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात ते होते. पैसा घेतला म्हणजे नाते संपले, हे समीकरण इतके सरळ नाही.

मग नाते कशाने संपते, किंवा जुळतच नाही? मला येथे पाळवणकर बाळू यांची आठवण होते. ते जन्माने आपल्या शेजारच्या धारवाडचे, पूर्वज रत्नागिरीकडच्या पाळवणचे, जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर ते मैदानाची निगा राखीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. ती डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू संघापुढे प्रश्न पडला : यांना घ्यावे की नाही? घेतले. जिंकायचे होते. पण चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात मिळे. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

या प्रसंगात पात्रता आणि सभासदत्व या दोन गोष्टी अगदी सुट्या दिसतात. बाळू पात्र होते. नियमाची त्यांना आडकाठी नव्हती, चेंडू त्यांच्या हातात होता, त्यांनी घेतलेला बळी 'आपला' होता. ते स्वतः मात्र आपले नव्हते. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे धर्मावरून संघ पाडणारी ती मुंबईची स्पर्धा अखेर १९४६ मध्ये बंद झाली, हे बरेच झाले. तिचा दोष पात्रतेच्या नियमात होताच. विजय हजारे हे सांगलीचे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते 'इतर' नावाच्या संघात खेळत आणि १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने काढल्या. 'इतर' हे संघाचे नाव असू शकते, याचीच आधी लाज वाटायला हवी होती. तरीही मला बाळूंच्या मातीच्या भांड्यातला दोष अधिक खोल वाटतो. हजारे यांना निदान स्वतःचा तंबू होता.

आणि म्हणून आपल्या तालुक्यातल्या दोन प्रकारच्या अन्यायांकडे मी एकाच नजरेने पाहतो. बेळगावहून गाडीत आणलेले तीन खेळाडू आणि पंधरा वर्षे गावात राहूनही 'बाहेरचा' म्हणून वगळलेला धनगर गवळ्याचा किंवा सिद्दी मजुराचा मुलगा, हे वरवर एकमेकांच्या उलट दिसतात. एकीकडे नियम फार सैल, दुसरीकडे फार घट्ट. परंतु मुळाशी गोष्ट तीच आहे. पहिल्यांकडून आपण खेळ घेतो आणि नाते देत नाही. दुसऱ्याकडून आपण श्रम घेतो, आपली भातखाचरे त्याच्या हाताने लावली जातात, आणि नाते देत नाही. भाड्याने आणलेल्या खेळाडूला अंतिम सामन्यानंतर कोणी 'जेवून जा, रात्री आमच्याकडे राहा' असे म्हणत नाही; त्याचे नावही दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही. त्यालाही आपण चहा मातीच्या भांड्यातच दिला, फक्त आत नोटा घातल्या.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. नात्याचा पुरावा काय? मन मोजायचे यंत्र पंचाकडे नाही. उद्या प्रत्येक पुढारी म्हणेल, हे तिघे आता आमच्या नात्यातले आहेत. हे टाळायला मला एकच साधन दिसते, आणि ते म्हणजे काळ. व्हॉलीबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना हेच करते. क्यूबाचा विल्फ्रेडो लेओन सतराव्या वर्षी, २०१० मध्ये, आपल्या देशाकडून जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक घेऊन आला. पुढे त्याने देश सोडला. २०१५ मध्ये त्याला पोलंडचे नागरिकत्व मिळाले, तरी पोलंडच्या संघातून खेळण्यासाठी त्याला २०१९ पर्यंत थांबावे लागले. ऐन भरातली वर्षे गेली. २०२४ मध्ये पॅरिसला त्याने पोलंडकडून ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळवले तेव्हा तो भाड्याचा खेळाडू आहे, असे म्हणायला फारशी जागा उरली नव्हती. थांबण्याची अट कठोर आहे, पण ती जन्म विचारीत नाही. जो थांबायला तयार आहे त्याला ती आत घेते. आपल्याकडे चार वर्षांची गरज नाही. सुगीपूर्वीचे सहा महिने गावात राहिलेला, किंवा मागील दोन हंगाम त्याच मैदानावर सराव केलेला, एवढे पुरे आहे. हे सांगायला ग्रामपंचायतीचा दाखला लागत नाही, समोरच्या संघातली मुलेच सांगतील. त्यांना सगळे ठाऊक असते.

जो नोकरीमुळे गेला त्याचे काय? वास्को-मडगावला, पुण्याला गेलेल्या मुलांवर ही अट अन्याय करील, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी वंशाची वाट उघडी ठेवावी, असे मला वाटते, आणि सुप्याच्या विस्थापितांसाठी तर निःसंशय. ज्याचे गाव सरकारने बुडवले त्याच्याकडे राहण्याचा पुरावा मागणे हा क्रूरपणा आहे. मात्र ही वाट अपवादाची असावी. आज उलट आहे : पुण्यात जन्मलेला, शिमग्यालाही न येणारा चुलत नातू आडनावावर खेळतो आणि रोज जाळे बांधणारा गवळ्याचा मुलगा प्रेक्षकांत असतो.

मुलींच्या संघांचा विचार केला तर 'मूळ गाव' या कल्पनेचा फोलपणा लगेच उघड होतो. लग्न होऊन खानापूर तालुक्यातून आलेली सून कोणत्या गावची? माहेरच्यांनी पत्ता बदलला म्हणून नाव कापले, सासरच्यांनी जन्म बाहेरचा म्हणून घेतले नाही, असे झाले तर सभ्य भाषेत तिला सांगितले जाते की तू कोठलीच नव्हेस. पुरुषांनी केलेल्या नियमात ही अडचण ध्यानात येत नाही, कारण पुरुषाचे गाव लग्नाने बदलत नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१ मधील आपल्या न्यायविषयक ग्रंथात सुचवले की नियम करणाऱ्याने आपण समाजात कोणत्या जागी असणार हे ठाऊक नसल्याप्रमाणे नियम करावा. स्पर्धा समितीला एवढे तत्त्वज्ञान पेलवत नसेल तर सोपा उपाय आहे : पात्रतेची ओळ संघांची नावे येण्यापूर्वी लिहावी, आणि ती लिहायला समितीत किमान एक सून बसवावी.

समितीचा विषय निघाला म्हणून शेवटचे. क्रीडा संघटनांची रचना अशी असते की गावाचे किंवा क्लबचे संघ तालुक्याचे सभासद, तालुके जिल्ह्याचे, जिल्हे राज्याचे, आणि राज्ये १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय व्हॉलीबॉल महासंघाचे. या सगळ्या उतरंडीत खेळाडू हा कोणाचाच सभासद नसतो. त्याची नोंदणी होते, मत नसते. मैदान कसणारा तो, आणि गावच्या सभेत जागा नसलेला उपरीही तोच. २०२५ मध्ये संसदेने केलेल्या क्रीडा प्रशासनाच्या कायद्यात राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीवर खेळाडूंसाठी जागा ठेवल्या आहेत. दिल्लीत जे होईल ते होवो. आपल्या तालुक्याच्या बैठकीत, बुशकोट घातलेल्या पाच-सहा ज्येष्ठांच्या शेजारी, दोन खेळणारी मुले बसवायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांपैकी एक मुलगा अशा वाडीतला असावा, जिचे नाव अजून देवळाच्या पावतीवर आलेले नाही. येत्या हंगामाचा नियमांचा कागद छापायला जाण्यापूर्वी त्याला तो वाचायला द्यावा, आणि 'गावचा' या शब्दाशी येऊन तो थांबला तर का थांबला, हे विचारावे.